गाळ आणि माळ

येवल्याला समुद्र नाही. पश्चिमेला सह्याद्री आडवा पडलेला, पाऊसच तिकडे अडतो, तिथं समुद्राचं काय घेऊन बसलात! तरी काठाची जेवढी चर्चा या गावात होते, तेवढी कोकणातल्या एखाद्या बंदरातही होत नसेल. नारळी काठ, मुनिया काठ, रुंद काठ, नाजूक काठ. पैठणी घ्यायला आलेली बाई पदर उलगडण्याआधी काठावरून अंगठा फिरवून बघते. मग तिच्यासमोर बांगडी मोर येतो, तोता-मैना येते, कमळं येतात, हंसांची जोडी येते. एवढं पाखरांचं वैभव गावात रोज रेशमात विणलं जातं. तेच तासा-दीड तासाच्या वाटेवर जिवंत उडताना दिसतं, असं सांगितलं तर येवल्यातलाच माणूस विचारतो, “कुठं?”

कुठं, याची उत्तरं दोन. एक पश्चिमेला, निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या पाण्याकाठी. दुसरं ईशान्येला, खुद्द येवला तालुक्यात, ममदापूर-राजापूरच्या रानात. एकीकडं गाळ, दुसरीकडं माळ. सरकारी कागदात हे दोन्ही शब्द तोट्याच्या बाजूला लिहिले जातात. गाळ म्हणजे धरणाचं आयुष्य खाणारा. माळ म्हणजे पडीक, नापीक, कुणाच्या कामाचा नसलेला. आणि येवल्याच्या आसपास जे काही रानटी, उडणारं, पळणारं टिकून आहे, ते बरंचसं नेमकं या दोन तोट्यांवर पोसलं जातं आहे.

गोदावरीला या भागात गोदावरी म्हणणारे थोडे. “गंगेला पाणी सुटलं”, “गंगेला पूर आला” असंच बोललं जातं. तिच्या दोन्ही तीरांचा मुलूख तो गंगथडी. थडी म्हणजे काठ. नांदूर मधमेश्वरजवळच्या खानगाव थडी या गावाच्या नावात तो जुना शब्द अजून शाबूत आहे. समुद्रकिनारी फिरणारा माणूस भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घराबाहेर पडतो. थडीवर फिरणाऱ्याला पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाची खबर ठेवावी लागते. हे असं का, ते बंधाऱ्यापासून सुरुवात केल्याशिवाय कळायचं नाही.

कादवा नदी गोदावरीला मिळते त्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९११ या वर्षांत, दगडी बंधारा बांधला गेला. नाशिक जिल्ह्याची पावसाची वाटणी फार पक्षपाती. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तर तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या येवल्याला पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. पश्चिमेचं पाणी दारणेच्या धरणात साठवायचं, नदीच्या पात्रातून खाली सोडायचं, नांदूर मधमेश्वरला अडवायचं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या कोरड्या तालुक्यांकडं वळवायचं, अशी ती योजना. दारणा धरण १९१६ साली पुरं झालं, गंगापूर धरण त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. नांदूर मधमेश्वरचं काम मुळात पाणी वळवण्याचं. भांडार वर, इथं फक्त वाटप.

नदी मात्र पाण्याबरोबर माती घेऊन आली. वरच्या काळ्या रानांतली माती दर पावसाळ्यात बंधाऱ्याशी येऊन बसू लागली. वर्षागणिक तळ वर येत गेला, पाणी उथळ होत गेलं, मधूनमधून बेटं डोकं काढू लागली. बेटांवर गवत आलं, लव्हाळा आला, पाणकणीस आलं. चिखलात किडे, गोगलगायी, मासळी वाढली. इंजिनिअरच्या वहीत ही साठवणुकीची घट होती. मध्य आशियातून उडत आलेल्या बदकाला ते मांडलेलं ताट वाटलं.

डॉ. सालीम अली यांनी १९८० च्या दशकात ही जागा पाहिली आणि तिला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं. ही उपमा पुढं इतकी वापरली गेली की तिची धार गेली आहे, पण ती नेमकी होती. भरतपूरचं केवलादेवसुद्धा माणसानं बांध घालून अडवलेल्या पाण्यावर तयार झालेलं रान आहे, आणि तिथंही सगळी मौज उथळपणाची. नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झालं. क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या किंचित वर. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत त्याचं नाव जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्याच्या मागून आली. ज्या रामसरच्या नावानं ही यादी ओळखली जाते ते इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथं पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणजे फिरून फिरून समुद्राशी नातं लागलंच, कागदोपत्री का होईना.

रामसरच्या नोंदीत या जागेचं क्षेत्र १४३७ हेक्टर आहे आणि प्रजाती ५३६. त्यातली एक नाशिककरांनीही सहसा ऐकलेली नसते. देवळालीच्या नावानं ओळखला जाणारा एक बारकासा मासा. होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर यांचं नाव त्याला दिलं. आज तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांत मोडतो. भल्यामोठ्या भिंगांचे कॅमेरे गळ्यात अडकवून येणाऱ्यांपैकी त्याच्यासाठी कुणी येत नाही. आलाच तर या गढूळ पाण्यात त्याला दिसणार तरी काय?

*

डिसेंबरात येवल्याहून पहाटे पाचला निघालं की विंचूर, निफाड मागं टाकत उजाडता उजाडता चापडगाव गाठता येतं. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली. द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या पेटलेल्या असतात. घडांना गारठा बाधू नये म्हणून बागाईतदार रात्र जागवतात. चापडगावला वनखात्याचं प्रवेशद्वार आहे, निरीक्षणाचे मनोरे आहेत आणि आसपासच्या गावांतली गाईड पोरं आहेत. दुर्बीण लावूनही शहरातल्या माणसाला जो नुसता काळा ठिपका दिसतो, त्याचं नाव ही पोरं साध्या डोळ्यांनी सांगतात. त्यांना सोबत घेण्यात कंजुषी करू नये. पैसे वाचतात आणि अर्धे पक्षी हुकतात.

पहिल्यांदा आलेल्याला पाण्यावर गर्दी दिसते. पाच-दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की गर्दीतल्या वाटण्या ध्यानात येऊ लागतात. कोण कुठं उभा आहे हे पाण्याची खोली ठरवते. ओल्या चिखलाच्या कडेला शेपटी खालीवर करणारे धोबी आणि तुरुतुरु पळणारे तुतवार. त्यांच्या पुढं, वीतभर पाण्यात, काडीसारख्या गुलाबी पायांवर तोल सांभाळणारे शेकाट्या. त्याहून पुढं चमचा. त्याची चोच टोकाला खरंच चमच्यासारखी पसरट. ती अर्धवट उघडी ठेवून तो मान डावीकडून उजवीकडं अशी हलवत चालतो की गवत कापणाऱ्या बाईचा विळा आठवावा. चोचीला काही हललेलं लागलं की मिटली. डोळ्यांचा इथं फारसा उपयोग नाही, सगळा कारभार स्पर्शाचा. चित्रबलाकही तसाच चाचपत मासे धरतो. त्याच्या शेजारचा मुग्धबलाक बघितला तर वाटतं, याची चोच घडवताना काहीतरी चुकलं. वरची आणि खालची चोच मध्ये मिटतच नाही, फट राहते. गोगलगायी-शिंपल्यांवर जगणाऱ्याला ती फट सोयीचीच.

बदकं आणखी आत. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही मंडळी पूर्ण बुडी मारत नाहीत. मान खाली, शेपूट आभाळाकडं, अशी उलटी होऊन तळाचं खातात. तेव्हा जिथपर्यंत मान पोचते तिथपर्यंतच त्यांचं राज्य. तलवार बदकाची मान लांब म्हणून ते जरा खोलात जातं, चक्रांगाची आखूड म्हणून ते कडेला. थापट्याच्या थापीसारख्या चोचीच्या कडांना बारीक कंगवे असतात. पाणी आत घ्यायचं, कंगव्यातून बाहेर सोडायचं, आत राहील ते गिळायचं. घरात सोजी चाळतात तसंच. पाणी चार-पाच हात खोल झालं की ही सगळी बदकं उपाशी. धरण ‘भरलेलं’ असणं आणि पक्ष्यांनी भरलेलं असणं, यांचं गणित असं उलटं आहे.

उघड्या पाण्यावर वारकरी असतात. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. शिवाय एकटादुकटा दिसायचा नाही, कायम दिंडीत. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला पाखरूही कळलं होतं आणि पंढरीची वाटही. पानवेलींवरून लांबच लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी, कमळाच्या पानावर आपलं वजन विभागून घेतो. त्याच्या संसारात उलटा न्याय आहे: मादी एकामागून एक घरोबे करते आणि अंडी उबवायला नर बसतो. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा सुटतो. आणि अचानक सगळ्या वारकऱ्यांची पांगापांग झाली, शेकडो पंखांचा सुपातल्या धान्यासारखा आवाज आला, की वर बघावं. दलदलीवरचा भोवत्या फेरी मारायला आलेला असतो.

रोहित, ज्याला काही जण अग्निपंख म्हणतात, तो इथला लहरी पाहुणा. एखाद्या वर्षी गुलाबी रांग लागते, एखाद्या वर्षी वाट बघून डोळे शिणतात. केवळ रोहितांसाठी जाणाऱ्यानं घरी थांबलेलं बरं.

चमचा, थापट्या, कुदळीसारख्या वाकड्या चोचीचा कुदळ्या, धोबी, वारकरी. ही नावं हातात हत्यार धरणाऱ्या, वारीला जाणाऱ्या माणसांनी चोचीकडं आणि चालीकडं बघून ठेवलेली आहेत. मारुती चितमपल्ली यांनी अशा नावांचा साठा ‘पक्षिकोशा’त जपून ठेवला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालीम अलींचा १२ नोव्हेंबर. २०२० पासून या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीच्या मागंपुढंच तो येतो. थंडीचे पाहुणे उतरायला लागलेले असतात आणि नेमके त्याच दिवसांत फटाके वाजत असतात. त्यावर वेगळं काही बोलायला नको.

*

आता ते आवर्तन. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की नांदूर मधमेश्वरची पातळी चढते. बेटं बुडतात, चिखल झाकला जातो, शेकाट्या आणि तुतवार दुसरीकडं सरकतात. कालव्यांत पाणी गेलं की पातळी उतरते आणि हातभर रुंदीचा ताजा ओला पट्टा उघडा पडतो. त्यात अडकलेले किडे, मासळी, शिंपले. एका रात्रीत तिथं बगळ्यांची पंगत बसते. म्हणून नेहमी येणारा माणूस निघण्याआधी गाईडला फोन करून हवामान नाही विचारत, “पाणी किती आहे?” असं विचारतो. समुद्रावरची ओहोटी चंद्र ठरवतो; इथली ओहोटी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. गहू, कांदा, ऊस, पिण्याचं पाणी, खाली जायकवाडी धरणाचा हक्क, सगळ्यांचं भांडण त्या बैठकीत असतं. शेकाट्याचा प्रतिनिधी तिथं नसतो.

हे पाणी पुढं पैठणला जातं. नांदूर मधमेश्वरहून निघालेली गोदावरी जिथं जायकवाडीच्या नाथसागरात पसरते, त्याच गावाच्या नावानं येवल्यात साडी विणली जाते. नाथसागरही पक्षी अभयारण्य आहे, तेही १९८६ सालचंच.

वाहत येणाऱ्या सगळ्याच गोष्टी अशा सांगण्यासारख्या नाहीत. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली पानवेल, म्हणजे जलपर्णी, नदीतून खाली सरकते. सायखेड्याच्या पुलाला ती अडकल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतातच. जलपर्णीचा हिरवा गालिचा फोटोत सुंदर दिसतो. त्याखालच्या पाण्याला उजेड मिळत नाही आणि प्राणवायूही. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा या बंधाऱ्यावरून दोन लाख क्यूसेकच्या पुढं पाणी गेलं. चांदोरी, सायखेडा पाण्यात होतं. गाळानं तळ वर आणला की पुराचं पाणी आजूबाजूला लवकर पसरतं, ही काठच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. गाळ काढा, असं तो म्हणतो. गाळ काढला तर बदकं जातील, असं पक्षिमित्र म्हणतो. दोघांचंही खरं आहे. कुठला गाळ काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठिकाण बघून ठरवण्याची चिकाटी लागते, आणि ती दोन्ही बाजूंना कमी पडते.

आणखी एक सूचना, निसर्गप्रेमाच्या भरात विसरली जाणारी. थडीवरच्या उसात बिबट्या राहतो. निफाड तालुक्यात ही काही दंतकथा नाही. अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं, वाकून, दबकत चालू नये. चारजणांनी बोलत जावं आणि पाण्यापाशी पोचल्यावर गप्प व्हावं.

*

पक्षी ऐन भरात असतात तेव्हा येवल्याच्या आभाळात दुसरंच काही उडत असतं. इथली संक्रांत म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचे. गच्च्या भरलेल्या, हलकडी वाजते आहे, आसारीवरून मांजा सरसरत सुटतो आहे. आसारी हा येवल्याचा खास जिन्नस. दुसऱ्या गावची चक्री हातात दिली तर येवलेकर ती परत करतो. हा उत्सव बघावाच असा आहे. पण त्याच दिवसांत संध्याकाळी ज्वारीच्या रानांतून परतणारे भोरड्यांचे थवे गावावरून जातात, बगळे झाडांवर मुक्कामाला येतात, घारी घिरट्या घालतात. सुती मांजा तुटतो, नायलॉनचा तुटत नाही. पंखात गुरफटला की पाखरू झाडाला लटकून राहतं. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. संक्रांतीनंतर आठवडाभर गावातल्या कडुनिंबांकडं नीट बघितलं, तर ती बंदी किती पोचली ते फांद्याच सांगतात. आसारी राहू द्यावी, दोरा बदलावा. येवल्यासारख्या दोऱ्यातल्या दर्दी गावाला हे अवघड नाही.

*

नांदूर मधमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. लोककथा अशी की सोन्याच्या हरणामागं लागलेल्या रामानं त्याला इथं बाण मारला. गोष्ट खरी-खोटी कोण ठरवणार. पण ज्यानं ती या भूमीवर आणून बसवली, त्यानं आजूबाजूला धावणारी हरणं पाहिलेली असणार, एवढं समजायला हरकत नाही. ती हरणं आता काठावर नाहीत. ती बघायला येवल्याच्या पलीकडच्या बाजूला, वीस-पंचवीस किलोमीटरवर, राजापूर-ममदापूरच्या रानात जावं लागतं.

लोक हरीण म्हणतात. प्राणी आहे काळवीट. चितळा-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची गळत नाहीत, वाढत जातात, पीळ घेत. नर वयात येईल तसा तपकिरीचा काळा होतो. डोळ्यांभोवती आणि पोटाखाली पांढरा राहतो. मादीला बहुधा शिंगं नसतात. धावण्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात. एवढं पळायचं कशासाठी, असा प्रश्न आज पडतो, कारण ज्याच्यापासून पळायचं तो चित्ता १९५२ साली भारतातून नामशेष झाल्याचं सरकारनंच जाहीर केलं. पाठलाग करणारा गेला, पायातलं वारं राहिलं. कळप बिथरला की एकामागून एक सरळ वर उड्या मारत निघतो, जणू गवतावरून कुणी चेंडू टाकत चाललं आहे.

ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र ५४.४६ चौरस किलोमीटरचं आहे. राजापूर, सोमठाण जोश, रेंडाळे, खरवंडी, देवदरी ही गावं आसपास. तुलनेला सांगायचं तर काळविटांसाठीच प्रसिद्ध असलेलं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. संवर्धन राखीव ही सोय वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आली. अभयारण्याइतकी ती कडक नसते, आणि व्यवस्थापनाच्या समितीत गावच्या पंचायतींना जागा असते. राज्यातलं पहिलं असं क्षेत्र नाशिकजवळचं बोरगड, २००८ सालचं. बोरगडच्या डोंगराला लोक जंगल म्हणतात. ममदापूरला जंगल म्हणायला जीभ रेटत नाही, कारण झाडंच कमी. नजर जाईल तिथपर्यंत मुरमाड उतार, बाभळी, बोरी आणि गुडघाभर गवत.

अडचण नेमकी इथं आहे. ज्याला झाडं नाहीत ते ओसाड, ही समजूत साहेबाच्या महसुली दप्तरापासून चालत आली. स्वतंत्र भारतात उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे झाले, त्यांतही गवताळ माळांचे मोठे पट्टे पडीक म्हणूनच रंगवले गेले. पडीक म्हटलं की काहीतरी केलंच पाहिजे. मग खड्डे खणून झाडं लावा, नांगरा, सौर पट्ट्या उभ्या करा. काळविटाला मात्र उघडं हवं. त्याचा बचाव दूरवर बघण्यात आणि पळण्यात आहे, लपण्यात नाही. दाट झाडीत तो आंधळा आणि लंगडा होतो. माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. धाविक पक्षी गवतातून पळत सुटतो, पुन्हा ताठ उभा राहतो, पुन्हा पळतो. पखुर्ड्या पायाखालून उडेपर्यंत दिसत नाहीत. माळ मोकळा राहिला तरच यांचं चालतं. वृक्षारोपणाच्या फोटोत हसणाऱ्यांना हे पटवणं जड जातं, झाड लावणं हे पुण्यच असं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं.

माळावर चालणं काठावर चालण्यासारखं मऊ नाही. दिवाळीच्या सुमाराला कुसळी वाळलेली असते; तिची कुसळं मोज्यांत, पायजम्यात, नंतर घरच्या गादीवर. सकाळी उन्हं वर येण्याआधी किंवा चारनंतर जावं. गाडी रस्त्यावर ठेवावी. वाऱ्याच्या विरुद्ध अंगानं चालावं, भडक कपडे घालू नयेत आणि कळपाच्या रोखानं सरळ जाऊ नये, तिरकं जावं. काळवीट मान वर करून बघतं, काही पावलं जातं, पुन्हा बघतं. तितकं अंतर त्याला मान्य आहे, ते तोडायला जाऊ नये. नर एखाद्या ठरावीक जागी रोज लेंड्या टाकून आपली हद्द राखतो. असा लेंड्यांचा ढीग दिसला की आपण कुणाच्या तरी अंगणात आलो आहोत असं समजावं. हिवाळ्यात याच गवतावर जमिनीलगत, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून, भोवत्या तरंगतात. पाण्यावर वारकऱ्यांना पांगवणाऱ्याचे हे चुलतभाऊ. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांकडून येतात. गवत सोडतात आणि गवत शोधत येतात, वाटेतलं सगळं टाकून. नाकतोडे हे त्यांचं इथलं मोठं खाणं, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याची रखवाली फुकटात.

काळविटांबद्दल तो शेतकरी असं म्हणणार नाही. कोवळा मका, हरभरा, कांद्याची हिरवी पात, माळ सुकला की कळप बांध ओलांडतो. एका रात्रीत उभं पीक लोळवतो. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, कागद, फेऱ्या, आणि मिळेल ती रक्कम कांद्याच्या भावाशी जुळत नाही. तरी या गावांतली माणसं हरणावर सहसा हात उचलत नाहीत. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे म्हणून, असं वकील सांगेल. गावात कारण विचारलं तर कुणी अनुसूचीचं नाव काढत नाही. “ते आधीपासून इथलंच” एवढंच उत्तर येतं.

खरा काळ मार्च संपल्यावर सुरू होतो. येवल्याची तहान पालखेडच्या डाव्या कालव्यावर भागते, तीही मोजूनमापून. पूर्वेकडच्या या गावांत टँकर येतात. पाण्याच्या वासानं काळविटं वस्तीजवळ सरकतात. मग कठडा नसलेली विहीर, मोकाट कुत्री, रस्त्यावरची भरधाव गाडी. दर उन्हाळ्यात बातम्या त्याच, गावाचं नाव तेवढं बदलतं. वनखातं सिमेंटचे पाणवठे टँकरनं भरतं, गावकरीही हातभार लावतात. माणसांच्या हंड्यांची रांग आणि हरणांचा पाणवठा एकाच टँकरची वाट बघत असतात.

विहिरींना कठडे हवेत ही मागणी जुनी आहे आणि खर्च फार मोठा नाही.

मे महिन्यात नांदूर मधमेश्वरचाही तळ दिसतो. थापट्या, चक्रांग केव्हाच उत्तरेला गेलेले असतात. भेगाळलेल्या गाळावर शेकाट्या आणि टिटव्या उघड्यावर अंडी घालून बसतात, आणि म्हशी हाकणारी पोरं ती चुकवून चालतात. जूनमध्ये माळावर पहिला पाऊस पडतो, आठ दिवसांत मुरमाला हिरवी लव फुटते, कळप बांधांवरून परत आत सरकतात. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस धरून बसतो. मग एका रात्री गंगेला पाणी येतं, बेटं दिसेनाशी होतात, खानगाव थडीची माणसं काठावर उभी राहून लाल पाणी बघतात. ऑगस्टच्या अखेरीस पूर ओसरतो. काठावर बोटभर नवा गाळ बसलेला असतो, नितळ, लोण्यासारखा. त्याच्यावर सकाळी तीन बोटांची बारीक पावलं उमटलेली दिसतात. तुतवार परत आलेले असतात.